फॅमिकॉमच्या खेळात घुमट: डीपीसीएमवर की ट्रँगलवर? आणि क्लोनवर चाल मंद का होते?

फोंड्याचा_पल्स

नमस्कार मंडळी. चवथीच्या माटोळीवर (गणपतीच्या वर टांगायची फळापानांची चौकट) एक छोटा खेळ करायला घेतला आहे. वरून पडणारी फळे झेलायची आणि माटोळी भरायची, एवढाच. तो खऱ्या फॅमिकॉमवर (निन्टेंडोचे जुने गेम यंत्र) आणि आपल्याकडे एकेकाळी घरोघरी असलेल्या ६० पिनांच्या जुन्या क्लोनवर, म्हणजे त्याच्या नकलांवर, चालायला हवा. ३२ किलोबाइट प्रोग्रॅम, ८ किलोबाइट चित्रे, मॅपर (जादा मेमरी जोडणारी चिप) नाही. संगीताला सगळे मिळून ६ किलोबाइट. फॅमिट्रॅकर या ओळीओळीने सूर भरायच्या प्रोग्रॅममध्ये लिहितो, खेळात ते वाजवायला फॅमिटोन २ हे इंजिन वापरतो. यंत्राचे चॅनल पाच: दोन पल्स (चौकोनी लाट), ट्रँगल (त्रिकोणी लाट), नॉइज (खरखर) आणि डीपीसीएम (ध्वनिमुद्रित सॅम्पल वाजवणारा).

मुख्य चाल दुलपोद या गोव्याच्या नाचगाण्याच्या वळणाची, ६/८. दोन पल्सवर तिसऱ्या सुराच्या अंतराने जाणारे दोन आवाज, खाली घुमट (मडक्याचे तालवाद्य), शामेळ (ढोलके) आणि कासाळे (झांजा). अडलेय ते असे. घुमटाचे सॅम्पल डीपीसीएमवर टाकले की थाप दबते, नुसती घरघर उरते. सॅम्पल वाजल्यावर ट्रँगलचा बास बारीक होतो आणि तसाच राहतो. सॅम्पल चालू असताना खेळातला मुलगा मध्येच स्वतःहून उजवीकडे सरकतो. क्लोनवर सूर जवळपास बरोबर, पण चाल रेंगाळते. आणि एका जुन्या यंत्रावर आमच्या बोर्डाची कॅसेट घातली की चित्र स्वच्छ, आवाज मात्र शून्य. दुसऱ्या यंत्रावर तीच कॅसेट वाजते.

त्या काळचे संगीतकार एवढ्याशा जागेत तालवाद्य कसे बसवायचे, हेही कोणी सांगितले तर बरे.

खर्ज_आणि_नॉइज

घुमटाचे तेवढे मी सांगतो, बाकीचे बाकीच्यांनी घ्यावे.

घुमट म्हणजे एक आवाज नव्हे. उजव्या हाताची थाप चामड्यावर पडते आणि डावा तळवा मागचे उघडे तोंड झाकतो, सोडतो. त्यामुळे कानावर तीन गोष्टी येतात: चामड्याचा टणका, मडक्यातल्या हवेचा धुंकार आणि तोंड झाकले की त्या धुंकाराचे खाली घसरणे. या तिन्ही एकाच सॅम्पलमध्ये कोंबल्या की काय होते ते तुम्ही ऐकलेच आहे.

कारण डीपीसीएमच्या गणितात आहे. त्याचा काउंटर ० ते १२७, आणि दर बिटला तो फक्त २ पायऱ्या वर किंवा खाली जातो. सर्वांत वेगवान दर, म्हणजे १५, सेकंदाला ३३,१४४ बिटांचा. एवढ्या वेगानेही पूर्ण उंचीची लाट साधारण १६६ हर्ट्‌झपर्यंतच पकडता येते. दर १३ वर (२१,३०७) ही मर्यादा १०७ हर्ट्‌झवर येते, दर १२ वर (१६,८८५) ८५ वर. त्याच्या वरचे सगळे काउंटरच्या आवाक्याबाहेर राहते आणि करकर होऊन बाहेर पडते. टणका सगळा वरच्या पट्टीत असतो, म्हणून आधी तोच मरतो.

तेव्हा कामे वाटून द्या. टणका नॉइजला, धुंकार डीपीसीएमला किंवा ट्रँगलला, घसरण मात्र फक्त ट्रँगलला.

ट्रँगलची थाप अशी: आर्पेजिओ मॅक्रोत (दर फ्रेमला सूर किती अर्धसुरांनी हलवायचा त्याची यादी) ०, -२, -४, -६, -८, -१०, -११, दर फ्रेमला एक पायरी, मग बंद. सुरुवात १४७ हर्ट्‌झच्या आसपास धरली तर शेवट ७८ वर येतो. पिच मॅक्रोच्या भानगडीत पडू नका. १४७ वरून ७८ वर यायला ट्रँगलचा पीरियड (लाटेच्या लांबीचा आकडा) तीनशेहून जास्त हलवावा लागतो आणि फॅमिटोनचा पिच एन्व्हलप इतका लांब पल्ला घेत नाही. आर्पेजिओ अर्ध्या सुरांत मोजतो, त्यामुळे तो कुठल्याही इंजिनात सारखाच वाजतो. ट्रँगल लिहिलेल्या सुरापेक्षा एक सप्तक खाली वाजतो हे लक्षात ठेवा. झाकलेल्या घुमटासाठी दुसरे इन्स्ट्रुमेंट करा, सुरुवात पाच अर्धसुरांनी खाली आणि मॅक्रो चारच पायऱ्यांचा. ट्रँगलला आवाज कमी-जास्त करता येत नाही, म्हणून जोरकस आणि हलकी थाप लांबीनेच दाखवायची.

त्याच ओळीवर नॉइजमध्ये टणका, आवाज १०, ५, २, ०. पीरियड मधल्या पट्टीतला घ्या, फॅमिट्रॅकरच्या मोजणीत ८ किंवा ९. फार वरचा घेतला की घुमट न राहता झांज होते. कासाळ्यांना मात्र वरचाच हवा, आणि नॉइजचा छोटा मोड. त्यात क्रम लवकर स्वतःला गिरवतो, त्यामुळे धातूचा ठणका येतो.

खर्ज_आणि_नॉइज

आता डीपीसीएम ठेवायचेच असेल तर. माइक चामड्यासमोर नको, मागच्या तोंडाजवळ, थोडा तिरका, म्हणजे हवेचा झोत थेट पडणार नाही. मोनो ध्वनिमुद्रण, १५० हर्ट्‌झच्या वरचे उताराने कमी करा, ५० च्या खालचे कापा. टीव्हीच्या स्पीकरला ते नाहीतरी ऐकू येत नाही, काउंटर मात्र खाते. लांबी ०.१८ सेकंद पुरते. दर १५ ला ती ७५३ बाइट होते. सॅम्पलची लांबी १६ च्या पटीत अधिक १ अशीच लागते आणि सुरुवातीचा पत्ता ६४ च्या पटीत, $सी००० च्या वर. लिंकरमध्ये त्यासाठी वेगळा विभाग करा. पत्ता चुकीच्या ठिकाणी पडला की सॅम्पलऐवजी प्रोग्रॅमचे बाइट वाजतात. तो आवाज एकदा ऐकला की पुढे लगेच ओळखता येतो.

एकाच सॅम्पलमधून दोन थापा निघतात. दर १५ आणि दर १४ यांचे पीरियड ५४ आणि ७२, म्हणजे बरोबर ३:४. त्यामुळे दर १४ ची थाप नेमकी मध्यमाच्या अंतराने खाली पडते. उघडे घुमट १५, झाकलेले १४. जादा जागा शून्य.

बास बारीक होण्याचे कारण असे. ट्रँगल, नॉइज आणि डीपीसीएम एकाच मिक्सरमध्ये जातात आणि तो मिक्सर सरळ बेरीज करत नाही. काउंटर ६४ वर थांबला तर ट्रँगल सुमारे ६३ टक्के उरतो, १२७ वर थांबला तर ४३ टक्के. सॅम्पल जिथे संपते तिथेच काउंटर पडून राहतो. म्हणून सॅम्पलची सुरुवात आणि शेवट एकाच पातळीवर आणा, आणि ती पातळी जमेल तितकी खाली ठेवा. ३२ च्या आसपास मध्य धरून लाटेची उंची निम्मी केली तर घुमट थोडे हलके होते, पण ६४ च्या पातळीपेक्षा बास भरदार राहतो आणि प्रत्येक थापेनंतर हलत नाही. माझ्या मते हाच सौदा बरा.

यंत्र सुरू होते तेव्हा काउंटर ० वर असतो. सॅम्पल ३२ वरून सुरू होईल असे धरून केलेले असेल तर पहिली थाप तळाला आपटून फाटते, नंतरच्या ठीक वाजतात. फॅमिट्रॅकरच्या झेड इफेक्टने किंवा थेट $४०११ या काउंटरच्या पत्त्यावर लिहून काउंटर आधीच वर आणून ठेवा. एकदम लिहिले तर फट्‌ असा आवाज येतो. सुरुवातीचा काळा पडदा असतो तेव्हा दर फ्रेमला १ ने चढवा, अर्ध्या सेकंदात काम होते आणि कुणाला कळतही नाही.

म्हार्दोळ_६५०२

मुलगा उजवीकडे का सरकतो ते आधी. डीपीसीएमला पुढचा बाइट हवा असला की तो प्रोसेसर काही सायकल थांबवतो. ते नेमके कंट्रोलर वाचताना घडले तर एक बिट गिळले जाते, पुढची सगळी बिटे एक घर सरकतात, आणि शेवटचे बिट उजव्या बटणाचे असल्यामुळे तेच दाबल्यासारखे दिसते. युरोपातल्या पाल (तिथली टीव्ही पद्धत) नेसच्या, म्हणजे फॅमिकॉमच्या परदेशी रूपाच्या, चिपमध्ये हा दोष काढला आहे, जपान-अमेरिकेच्या चिपमध्ये आहे. उपाय जुनाच: कंट्रोलर दोनदा वाचा, दोन्ही वाचने जुळली तरच घ्या, नाहीतर पुन्हा वाचा. दर १५ ला दोन बाइटांमध्ये ४३२ सायकलींचे अंतर असते, म्हणून वाचण्याचा लूप आटोपशीर ठेवा. तो लांबला तर दोन्ही वाचने बिघडू शकतात.

चालीबद्दल. इथे यंत्रे तीन प्रकारची आहेत, दोन नव्हेत, आणि गोंधळ तिथेच होतो. जपान-अमेरिकेचे यंत्र सेकंदाला ६० फ्रेमचे, प्रोसेसर १.७८९७७ मेगाहर्ट्‌झ. युरोपचे पाल नेस ५० फ्रेमचे, प्रोसेसर १.६६२६१. आपल्याकडचे पाल टीव्हीला चालणारे क्लोन बहुतेक तिसऱ्या जातीचे: फ्रेम ५०, पण प्रोसेसर १.७७३४५. त्यामुळे सूर फक्त १६ सेंट (सेंट म्हणजे अर्धसुराचा शंभरावा भाग) उतरतो, बहुतेकांना कळतही नाही, आणि लय मात्र सहाव्या भागाने पडते. तुम्ही ऐकताय ते हेच.

यावर खूप जण फॅमिट्रॅकरमध्ये ‘पाल’ निवडतात. तसे करू नका. त्याने सुरांचा तक्ताही युरोपच्या चिपचा होतो आणि क्लोनवर सगळी चाल ११२ सेंट चढी वाजते. मशीन एनटीएससीच (जपान-अमेरिकेची टीव्ही पद्धत) ठेवा आणि फक्त इंजिनचा वेग ५० करा.

६/८ साठी आवर्तनाला १२ ओळी धरल्या आणि ओळीला ५ फ्रेम दिल्या तर ६ ओळींचा एक ठोका ३० फ्रेमचा होतो. ६० च्या यंत्रावर मिनिटाला १२० ठोके, ५० च्या यंत्रावर १००. क्लोनवर १२० हवे असतील तर तोच ठोका २५ फ्रेममध्ये बसला पाहिजे. २५ ला ६ ने भाग जात नाही. म्हणून ओळींना ४, ४, ४, ४, ४, ५ अशा फ्रेम द्यायच्या. जादाची फ्रेम शेवटच्या ओळीला द्या, पहिल्या ओळीला दिली तर सम लंगडते. फॅमिट्रॅकरच्या नव्या शाखांमध्ये यासाठी ग्रूव्हची (ओळींच्या फ्रेमची यादी) सोय आहे. फॅमिटोनला ती कळत नाही, तिथे ओळीओळीवर एफ इफेक्टने वेग बदलावा लागेल आणि डेटा फुगेल.

जागा कमी असेल तर दुसरा मार्ग: डेटा एकच ठेवा आणि ५० च्या यंत्रावर दर पाचव्या फ्रेमला संगीताचे इंजिन दोनदा बोलवा. लय बरोबर येते. तोटा एवढाच की त्या फ्रेममधली एन्व्हलपची एक पायरी ऐकूच येत नाही. थापेला ते खपते, लांब सुरावरच्या थरथरीला खपत नाही.

यंत्र ओळखायला सुरू होताना दोन व्हीब्लँकमधले (दोन फ्रेममधली पडद्याची विश्रांती) सायकल मोजा. २९,७८० च्या आसपास आले तर जपान-अमेरिका, ३३,२४७ आले तर युरोप, ३५,४६४ आले तर क्लोन. लूप ढोबळ असला तरी चालतो, आकडे एकमेकांपासून पुरेसे लांब आहेत.

फोंड्याचा_पल्स

देव बरें करूं! डीपीसीएम काढून घुमट ट्रँगलवर घेतो, म्हणजे कंट्रोलरचाही प्रश्न सुटेल. मग बास कुठे ठेवू? आणि एक राहिलेच: क्लोनवर मुख्य चाल पोकळ वाजते आणि दुसरा आवाज वर येतो. एम्युलेटरवर (संगणकावर यंत्राची नक्कल करणारा प्रोग्रॅम) असे नाही.

डाग_आणि_डिंक

चाल पोकळ वाजते म्हणजे चालीला २५ टक्क्यांची ड्यूटी (लाट किती वेळ वर राहते त्याचे प्रमाण) आणि दुसऱ्या आवाजाला ५० टक्क्यांची दिली असणार. बऱ्याच क्लोन चिपमध्ये या दोन्हींची अदलाबदल झालेली असते. जुनी चूक, चिपमध्येच कोरलेली. एम्युलेटरच्या सेटिंगमध्ये ड्यूटी उलट करण्याचा पर्याय सापडेल, तो लावून ऐका.

सोपा तोडगा: २५ च्या जागी ७५ लिहा. कानाला दोन्ही सारखेच, लाट फक्त उलटी. आणि ७५ ची अदलाबदल होत नाही. १२.५ चीही नाही. म्हणजे चाल ७५, दुसरा आवाज १२.५, ५० ला हातच लावायचा नाही. सगळ्या यंत्रांवर एकसारखे ऐकू येईल.

आवाज शून्य हे कॅसेटच्या बोर्डाचे काम. ६० पिनांच्या फॅमिकॉममध्ये आवाज आतल्या आत टीव्हीकडे जात नाही. ४५ नंबरच्या पिनवरून कॅसेटमध्ये येतो आणि ४६ वरून परत यंत्रात जातो. जादा ध्वनिचिप असलेल्या कॅसेटना मध्ये आपला आवाज मिसळता यावा म्हणून ही वाट ठेवली होती. साध्या कॅसेटमध्ये ४५ आणि ४६ एकमेकांना जोडलेले असतात. तुमच्या बोर्डावर तो जोड द्यायचा राहून गेला आहे. काही क्लोन हा जोड यंत्रातच देतात, म्हणून दुसरीकडे वाजते. बारीक तारेच्या एका तुकड्याने डाग (सोल्डर) द्या, झाले. पुढच्या बोर्डात ट्रॅकच आखून घ्या.

डाग द्यायच्या आधी पिना नीट पाहा. आपल्याकडच्या पावसाळ्यात कॅसेटच्या पट्ट्यांवर हिरवट थर चढतो आणि पहिली लक्षणे आवाजात नव्हे, चित्रात दिसतात. ९९ टक्क्यांचे आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि धागे न सुटणारे कापड. पांढरा खोडरबर हलक्या हाताने चालतो, पण त्याचा चुरा कनेक्टरमध्ये जाऊ देऊ नका. सँडपेपर नको, सोन्याचा मुलामा जातो. आणि फेणीने पुसायचा सल्ला कोणी दिला तर फेणी पिऊन टाका, तिच्यात निम्म्याहून जास्त पाणी असते.

तिसरा_सूर

बास आणि थाप एकाच ट्रँगलवर राहू शकतात. एका वेळी एकच वाजते, पण थाप सात फ्रेमची, म्हणजे ०.१२ सेकंद. ६/८ मध्ये थाप ठोक्यावर टाका आणि बासचा सूर पुढच्या ओळीपासून सुरू करा. ओळ ५ फ्रेमची असेल तर मॅक्रो पाचच पायऱ्यांचा करा, नाहीतर थापेचे शेपूट बासने कापले जाते. थापेनंतर लगेच बास आला की कान दोन्ही सलग असल्याचे मानून घेतो. त्या काळी ट्रँगलवर टॉमटॉम वाजवायची रीत हीच होती.

जुन्यांचे मार्ग दोन. पहिला काटकसरीचा. १९८५ चा सुपर मारिओ ब्रदर्स हा अख्खा खेळ ३२ अधिक ८ किलोबाइटचा, म्हणजे तुमच्याएवढाच. संगीतकार कोजी कोंदो यांनी त्यात सगळा ताल नॉइजवर दिला, डीपीसीएम वापरलेच नाही. लहान तुकडे, त्यांची उलटसुलट पुनरावृत्ती, आणि नॉइजच्या लहान-मोठ्या ठोक्यांनी तयार होणारा हेलकावा. दुसरा मार्ग श्रीमंतीचा. १९९० च्या आसपास सनसॉफ्ट कंपनीत संगीतकार नाओकी कोडाका आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी बासच डीपीसीएमवर नेला आणि ट्रँगल तालाला मोकळा केला. दर फक्त १६ आणि ते सप्तकात नीट बसत नाहीत, म्हणून वेगवेगळ्या सुरांची सॅम्पले वेगळी साठवावी लागतात. त्यांच्याकडे तेवढी मोठी रॉम होती. ६ किलोबाइटमध्ये तो नाद सोडा.

कोनामी कंपनीने १९८९ मध्ये एका खेळाच्या कॅसेटमध्येच व्हीआरसी६ चिप घालून दोन पल्स आणि एक सॉटूथ वाढवले. वर सांगितलेल्या ४५-४६ च्या वाटेचा तो उपयोग. परदेशी नेसच्या कनेक्टरला ती वाटच नव्हती, म्हणून त्या खेळाच्या बाहेरच्या आवृत्तीचे संगीत पाच चॅनलवर नव्याने बसवावे लागले.

तुमच्या दोन आवाजांबद्दल. तिसऱ्या सुराच्या जोड्या मधल्या सप्तकात ठेवा. पल्सचा पीरियड पूर्णांकात असतो आणि वर जाऊ तशी पायरी मोठी होते. ४४० ला चूक नगण्य, पण १७६० ला जवळचे दोन पर्याय १५ सेंट चढा किंवा १२ सेंट उतरा. एकटा सूर खपून जातो, जोडीत मात्र कर्कश लागते.

फळ झेलल्याचा आवाज कुठल्या पल्सवर जातो तेही पाहा. तो त्या चॅनलवरचे संगीत तेवढ्यापुरते झाकतो. चाल पहिल्या पल्सवर, दुसरा आवाज दुसऱ्यावर, आणि खेळाचे सगळे आवाज दुसऱ्यावरच. फळ पडून फुटल्याचा आवाज नॉइजवर द्याल तर टणका जाईल, त्याची लांबी सहा-सात फ्रेमच्या वर नेऊ नका.

सुरावर थरथर देताना खटखट ऐकू आली तर $४००३ किंवा $४००७ हे पल्सचे पत्ते तपासा. पीरियडचे वरचे बाइट पुन्हा लिहिले की लाट पहिल्यापासून सुरू होते आणि टिचकी ऐकू येते. किंमत बदलली नसेल तर लिहायचे नाही, एवढीच अट इंजिनात हवी. थरथर नेमकी २५६ च्या पटीवर ओलांडत असेल तर मूळ सूरच अर्धसुराने हलवा.

फोंड्याचा_पल्स

बोनस फेरीला घुमट आरतीसारखी चढत जाणारी लय हवी आहे. ६ वरून ५, ५ वरून ४ असे केले की गिअर बदलल्यासारखा धक्का बसतो.

तिसरा_सूर

बसणारच. ओळीला ६ फ्रेम म्हणजे मिनिटाला १०० ठोके, ५ म्हणजे १२०, ४ म्हणजे १५०. प्रत्येक पायरी आधीच्यापेक्षा मोठी. मध्ये मिश्र ओळी घाला: ६ आणि ५ आलटून पालटून म्हणजे १०९, ५ आणि ४ म्हणजे १३३. मग १००, १०९, १२०, १३३, १५० असा जिना तयार होतो. पायरी आवर्तनाच्या मध्ये बदलू नका, समेवर बदला. खरी आरतीही तिथेच उचल घेते. मिश्र ओळींत लांब ओळ आधी, छोटी नंतर. उलटे केले तर थाप घाईत पडल्यासारखी वाटते.

४ फ्रेमच्या ओळीवर थापेचा मॅक्रोही चारच पायऱ्यांचा लागेल, म्हणून जलद भागासाठी वेगळे इन्स्ट्रुमेंट ठेवा: ०, -४, -८, -११. ५० च्या यंत्रावर इंजिन दोनदा बोलवायची युक्ती इथेही चालते, वेगळा जिना लिहायची गरज नाही.

आणि शेवटी बी इफेक्टने सुरुवातीला उडी मारता तेव्हा पहिल्या ओळीवर एफ०६ पुन्हा लिहा. इंजिन शेवटचा वेग धरून ठेवते, त्यामुळे ते राहिले तर दुसरी फेरी पहिल्या ओळीपासूनच १५० ने सुटेल.